परवाना सुटला, जागा अडली: कळव्यातून दिसणारं आर्थिक स्वातंत्र्य

(कळवा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन दिले आहेत.)



पत्रिकेवर विषय छापलाय तो जरा जड आहे. ‘आर्थिक स्वातंत्र्य, राष्ट्राची समृद्धी आणि माणसाचं कल्याण.’ एवढं मोठं नाव वाचूनही तुम्ही रविवारची संध्याकाळ इथं घालवताय, याबद्दल आधी आभार. पण हा विषय आपल्या दारातला आहे. कळव्याच्या पुलावर उभं राहिलं की पश्चिमेला खाडीपलीकडे ठाणं दिसतं, मागे पारसिकचा डोंगर असतो आणि दक्षिणेला ठाणे-बेलापूर रस्ता निघतो. एवढ्याच पट्ट्यात गेल्या पावणेदोनशे वर्षांत आर्थिक स्वातंत्र्य आलं, काढून घेतलं गेलं आणि मग अर्धंच परत मिळालं. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी जगात या विषयावर काय वाद आहे तो थोडक्यात पाहू. कॅनडातली फ्रेझर इन्स्टिट्यूट १९९६ पासून देशांना आर्थिक स्वातंत्र्याचे गुण देते. सरकारचा आकार केवढा, मालमत्तेला कायद्याचं संरक्षण किती, चलन किती भरवशाचं, परदेशी व्यापार किती खुला आणि धंद्यावर नियमांचं ओझं किती, अशा पाच गोष्टी त्यात मोजतात. यादीत वर असलेले देश बहुतेक श्रीमंत आहेत आणि तिथली माणसं जास्त जगतात. खालचे देश बहुतेक गरीब आहेत. यावर काहीजण म्हणतात, बघा, मोकळीक दिली की पैसा येतो. दुसरे म्हणतात, पैसा आला म्हणून मोकळीक परवडते. आणि केरळ आहेच. तिथं कारखाने बेताचेच होते, तरी बालमृत्यू देशाच्या मानानं कितीतरी कमी होते, कारण शाळा आणि दवाखाने होते. म्हणूनच १९९० साली महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीनं मानव विकास निर्देशांक आणला. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही मोजलं जातं.

दोन्ही तक्ते उपयोगाचे आहेत. पण दोन्ही तक्ते अख्खा देश एका आकड्यात बसवतात. भारताला अमुक गुण मिळाले, म्हणजे कुणाला मिळाले? कारखानदाराला, त्याच्या फिटरला, की त्या फिटरला भाड्यानं खोली देणाऱ्याला? म्हणून आज मी तीन साधे प्रश्न घेऊन इतिहासात जाणार आहे. पहिला, माणसाला आपला धंदा निवडता आणि वाढवता येत होता का? दुसरा, त्याला काम धरता-सोडता आणि त्याचे दाम ठरवता येत होते का? तिसरा, त्याला कायद्यानं स्वतःची म्हणता येईल अशी जागा मिळत होती का? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात पहिला दरवाजा १९९१ नंतर बराच उघडला, दुसरा किलकिला राहिला आणि तिसरा जवळजवळ बंदच राहिला. त्यामुळे समृद्धी आली, पण कल्याण अर्ध्या वाटेवर थांबलं.

खाडीकाठचा पहिला परवाना

परवाना म्हटलं की आपल्याला नेहरूंचा काळ आठवतो. खाडीकाठच्या माणसाला परवाना त्याच्या कितीतरी आधी भेटला होता, तोही मिठावर. १८९० चा मुंबई मीठ कायदा पाहा. समोर खारं पाणी, वर ऊन, पण परवान्याशिवाय मीठ पिकवायचं नाही, आणि पिकवलं तर त्यावर सरकारी कर. मुक्त व्यापाराचा उपदेश करणारं सरकारच मिठाचं राखणदार झालं होतं. १९३० साली वडाळ्याच्या मिठागरावर लोक तुटून पडले, ते काही चवीसाठी नव्हे.

कापडाचंही तसंच. १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात बसली. आता इथल्या गिरण्यांना थोडा आधार मिळेल, असं वाटलं. पण लँकेशायरच्या गिरण्यांचं नुकसान होऊ नये म्हणून इथल्या गिरणीच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के कर लावला गेला. तो जायला १९२६ साल उजाडलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन हाच मुद्दा मांडला होता. विलायतेतल्या पुस्तकांतले अर्थशास्त्राचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, इथल्या उद्योगाला सरकारनं हात दिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. स्वातंत्र्यानंतर आपण नियोजनाकडे का वळलो, हे समजायला ही पार्श्वभूमी लागते. ‘खुला बाजार’ या शब्दाचा आपला पहिला अनुभव असा होता.

पण सगळा दोष इंग्रजांवर टाकून चालणार नाही. आपल्या गावगाड्यात धंदा निवडायचं स्वातंत्र्य होतं कुठं? बलुतेदारानं बापाचंच काम करायचं. महार वतनात तर दिवसरात्र गावकी आणि सरकारी कामं, मोबदल्यात तुकडाभर जमीन आणि दारोदार मागून आणलेलं बलुतं. काम सोडतो म्हणायची सोय नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणलं. ते वतन कायद्यानं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात त्यांनी अर्थशास्त्राचा एक नेमका मुद्दा मांडलाय, त्याकडे कमी लक्ष जातं. एका धंद्याला उतरती कळा लागली तरी जात माणसाला दुसऱ्या धंद्यात जाऊ देत नाही, म्हणून जात बेकारी वाढवते. आजच्या भाषेत सांगायचं तर बाहेर पडायचं स्वातंत्र्य नाही.

हा बाहेर पडायचा रस्ता आपल्या दारातून गेला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. वर्षभरानं, १ मे १८५४ ला, ती खाडी ओलांडून कळव्यावरून कल्याणपर्यंत गेली. पुढे घाट चढून देशावरची माणसं याच रुळांवरून गिरण्यांत आली. तिथं हातात रोख पगार पडला. वतनदाराचा हुकूम तिथं चालत नव्हता. पण गिरणीतही सगळी दारं उघडी नव्हती. विणकामाच्या खात्यात पगार जास्त होता आणि तिथंच अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, मग बाट होतो. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपपुढाऱ्यांपुढे ठेवला. तेव्हा मंडळी, स्वातंत्र्य फक्त सरकारच अडवतं असं नाही. शेजारीही अडवतो.

दिल्लीचा कागद, ठाण्याचा कारखाना

आता स्वातंत्र्यानंतरचा काळ. १९५१ साली उद्योग (विकास व नियमन) कायदा झाला. नवा कारखाना काढायचा, असलेला वाढवायचा किंवा त्यात वेगळा माल काढायचा असला, तरी ठरलेल्या उद्योगांत दिल्लीचा परवाना लागे. हे ठरवणारी माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळात अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. गाडगिळांनी त्याआधी प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करायला हातभार लावला होता. ही दोन्ही माणसं स्वच्छ होती, विद्वान होती.

आणि नियोजनानं इथं काही दिलंच नाही असंही नाही. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. तिची पहिली वसाहत म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट. मग कळव्यापासून दिघा, ऐरोली, रबाळे करत बेलापूरकडे जाणारा ट्रान्स-ठाणे क्रीक पट्टा उभा राहिला. महामंडळानं रस्ते केले, वीज आणली, पाण्यासाठी बदलापूरजवळ बारवी धरण बांधलं. एकट्यादुकट्या छोट्या कारखानदाराला हे कधी जमलं नसतं. सीमेन्स, मुकंद, मफतलाल, भारत बिजली ही नावं इथल्या घराघरांत पोहोचली. ‘कंपनीत कायम आहे’ एवढ्या वाक्यावर मुलाचं लग्न जमत असे. (हशा.) हसू नका, खरंच जमत असे. कायम नोकरी म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, औषधपाण्याची सोय आणि मुलांना कॉलेजात घालायची हिंमत.

मग बिघडलं कुठं? एमआयडीसीनं भूखंड दिला, पण त्यावर किती माल काढायचा हे दिल्ली ठरवायची. १९६९ साली मक्तेदारी नियंत्रण कायदा आला आणि मोठ्या घराण्यांना वाढीसाठी आणखी एक परवानगी लागू लागली. छोट्यांसाठी १९६७ पासून काही वस्तू राखून ठेवल्या गेल्या. पुढे ही यादी आठशेच्या वर गेली. हेतू चांगला होता. पण राखीव वस्तू बनवणाऱ्या वर्कशॉपवाल्याला कळून चुकलं की एका मर्यादेपलीकडे वाढलो की सवलत गेली. त्यापेक्षा लहानच राहिलेलं बरं. वाढायला बंदी नव्हती, पण वाढण्यात तोटा होता.

गिऱ्हाइकाची गत तुम्हाला आठवत असेल. चेतक स्कूटरसाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षं नंबर लावून बसायचं. आकुर्डीत स्कूटर बनवता येत होती, लोक पैसे द्यायला तयार होते, पण ठरलेल्या क्षमतेपेक्षा जास्त माल काढला तर तो गुन्हा. फोनचंही तसंच. १९९१ साली अख्ख्या देशात फोनच्या सुमारे ५० लाख जोडण्या होत्या. राज कृष्ण या अर्थतज्ज्ञांनी त्या काळच्या साडेतीन टक्क्यांच्या वाढीला ‘हिंदू दर’ असं टोमणा मारणारं नाव दिलं होतं. लोकसंख्या दोन टक्क्यांहून जास्त वेगानं वाढत होती. म्हणजे माणशी वाढ जेमतेम एक-सव्वा टक्का. वर्षाकाठी एका टक्क्यानं गरिबी जायला किती पिढ्या लागतील, हिशेब करा.

हीच गत शेतकऱ्याची. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारलाच विकायचा. पलीकडे भाव जास्त असला तरी राज्याच्या सीमेवर गाडी अडवली जाणार. शरद जोशींनी १९८० साली चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं, ते भावासाठी होतं. पण त्यांच्या मांडणीच्या मुळाशी हाच प्रश्न होता. कारखानदाराला परवान्याची अडचण आहे, असं आपण म्हणतो. मग शेतकऱ्याला आपला माल कुठं विकायचा हे ठरवायची मोकळीक का नको? आर्थिक स्वातंत्र्य हा श्रीमंतांचा विषय आहे, हा समज महाराष्ट्रात कुणी मोडला असेल, तर तो शेतकरी संघटनेनं.

कामगाराचं मत कुणी विचारलं?

दुसरा प्रश्न श्रमाचा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आपल्याकडे त्याची आठवण पगारवाढीचा संप म्हणून राहिली आहे. पण त्यात आणखी एक मोठी मागणी होती, ती मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ बद्दल. या कायद्यानुसार एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन वाटाघाटी करणार. गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. बहुसंख्य कामगार दत्ता सामंतांच्या मागे उभे असले, तरी मालकानं बोलायचं ते संघाशीच. म्हणजे आपल्या वतीनं कोण बोलणार, हे कामगाराला निवडता येत नव्हतं. मालकाला परवाना नको, ही मोकळीक आपण आर्थिक स्वातंत्र्य म्हणून मोजतो. मग कामगाराला आपला प्रतिनिधी निवडता यावा, ही मोकळीक त्या हिशेबात का धरत नाही?

दुसऱ्या बाजूनं मालकालाही बाहेर पडायचं दार नव्हतं. १९७६ साली तीनशेहून अधिक कामगारांच्या कारखान्याला बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागेल, असा नियम आला. पुढे ती मर्यादा शंभरावर आणली. हेतू कामगाराला वाचवायचा. घडलं काय? उघडपणे बंद करता येत नाही म्हणून कारखाने ‘आजारी’ पडले. वीज तुटली, पगार थकले, गेटला टाळं लागलं आणि कागदावर मात्र कारखाना चालूच. कामगार नोकरीत होता, पण पगारात नव्हता. आणि नव्यानं माणूस घ्यायचा तर कंत्राटदारामार्फत घ्या, कायम नको, ही वाट तेव्हाच पडली. आज याच रस्त्यावर तुमच्या ओळखीत जी मुलं कामाला आहेत, त्यांतली कायम किती आणि कंत्राटी किती, हे मी सांगायला नको.

२४ जुलै १९९१

या दिवशी नवं औद्योगिक धोरण आलं आणि त्याच संध्याकाळी मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. अठरा उद्योग सोडून बाकीच्यांचा परवाना संपला. चाळीस वर्षांची पद्धत एका दिवसात गेली.

त्याचा परिणाम नाकारता येणार नाही. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं मोजलं, तर १९९३-९४ साली देशातले ४५.३ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. २०११-१२ साली ते २१.९ टक्के झाले. दारिद्र्यरेषा फार खाली आखलेली आहे, हे मान्य. तरीही एवढी घट आधीच्या चाळीस वर्षांत झाली नव्हती. त्यात रस्ते, रेशन, रोजगार हमी, शाळा यांचाही वाटा आहे. पण वाढलेल्या उत्पन्नातून कर आला नसता, तर हे सगळं कशाच्या जोरावर केलं असतं?

आपल्या पट्ट्यात काय झालं? ऐरोली-घणसोलीकडे धुराड्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. ज्या घरात बाप लेथवर होता, तिथली मुलगी संगणकावर बसली. त्याच वेळी कितीतरी जुने कारखाने गेले आणि चाळिशी-पन्नाशीचे कामगार वॉचमन झाले, रिक्षा चालवू लागले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, बहुधा एकाच घरातल्या आहेत.

तिसरा दरवाजा

आता मी खरा जिथं यायचं होतं तिथं आलो. जागा.

एमआयडीसीनं साठच्या दशकात कारखान्यांसाठी जमीन घेतली. ती होती इथल्या आगरी-कोळ्यांची भातशेती आणि खाजणं. १९७० साली सिडको आली आणि ठाणे-पनवेल-उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. भाव सरकार ठरवणार, नाही म्हणायची सोय नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं सूत्र आलं. मालमत्तेला संरक्षण हा आर्थिक स्वातंत्र्याचा पाया मानतात ना? तो पाया आपल्या भूमिपुत्रांच्या वाट्याला असा आला.

मग कामगाराचं काय? कारखान्याला भूखंड मिळाला, पाणी मिळालं. पण कारखान्यात येणारी हजारो माणसं राहणार कुठं, याचा पुरेसा विचार कुणी केला नाही. भाड्याची घरं बांधावीत, तर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. त्यात जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. ज्याला खोली मिळाली तो वाचला. पण पुढे भाड्यासाठी चाळ बांधायला कोण धजावेल? चाळी बांधणं थांबलं आणि पागडी सुरू झाली. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. शहरातली मोठी जमीन सरकारजमा करून गरिबांना घरं द्यायची, अशी कल्पना. प्रत्यक्षात जी जमीन अतिरिक्त ठरली, तिच्यातली थोडी ताब्यात आली आणि तिच्यावर गरिबांची घरं उभी राहिली ती त्याहून थोडी. बाकीची जमीन कोर्टात, नाहीतर मंत्रालयातल्या ‘सवलती’च्या फायलींत. जमीन विकायला परवानगी, बांधायला परवानगी. उद्योगातला परवाना १९९१ साली गेला. जमिनीचा हा कायदा महाराष्ट्रात जायला २००७ साल उजाडलं, आणि परवानग्यांची रांग तेव्हाही संपली नाही.

उरलेली गोष्ट गिरण्यांच्या जमिनीची. १९९१ च्या नियमानं गिरणीची जमीन विकताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असं ठरलं होतं. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची होणार, असं झालं आणि सार्वजनिक वाटा एकदम आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. मोकळीक आली, पण ती जमीन धरून बसलेल्याच्या हातात.

तर घर परवडेल असं कायदेशीर काही नाही आणि नोकरी तर इथंच. माणूस काय करेल? जिथं मिळेल तिथं राहील. १९८२ साली ठाण्याची महानगरपालिका झाली, तेव्हा कळवा-मुंब्रा तिच्यात आलं. त्यानंतर इथं इमारती किती उठल्या आणि त्यांतल्या किती परवानगीनं उठल्या, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. २०१५ साली उच्च न्यायालयानं दिघ्यातल्या ९९ अनधिकृत इमारती पाडायचा आदेश दिला. त्यांतल्या बऱ्याच एमआयडीसीच्याच जमिनीवर होत्या. कारखान्यासाठी राखलेल्या जमिनीवर शेवटी माणसांनी घरं केली. नियोजनात जे राहिलं होतं, ते लोकांनी बेकायदा भरून काढलं.

अशा घरात राहणं म्हणजे काय, हे इथं बसलेल्या अनेकांना माहीत आहे. पैसे रोख मोजलेले असतात, पण नावावर काही नाही. बँक कर्ज देत नाही. पालिका घरपट्टी घेते, वर शास्तीही लावते, पण घर अधिकृत म्हणत नाही. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लागते. ‘सी-१’मध्ये आपला नंबर आला का, हे आधी बघायचं. एखाद्या माणसाची आयुष्यभराची बचत अशा चार भिंतींत अडकते. ती गहाण ठेवून धंदा काढता येत नाही, विकून गावाला जाता येत नाही.

आणि मग ४ एप्रिल २०१३. शिळफाट्याजवळ अजून बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. ७४ माणसं मेली. बांधकाम पुरं व्हायच्या आधीच खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आली होती, बरीचशी त्याच कामावरच्या मजुरांची. नंतर अटक झाली त्यांत बिल्डर होते, पालिकेचे अधिकारी होते, पोलीस होते, नगरसेवकही होता. त्या वर्षी भारताचं राष्ट्रीय उत्पन्न वाढलंच होतं. त्या इमारतीच्या सिमेंट-सळईचा खर्चही त्यातच धरला गेला असणार.

बाहेरचं एक उदाहरण देतो, म्हणजे मी कुठल्या एका पंथाचा वाटणार नाही. सिंगापूर आर्थिक स्वातंत्र्याच्या यादीत नेहमी वरच्या दोन-तीनांत असतं. पण तिथली बहुतांश जमीन सरकारची आहे. १९६० साली त्यांनी गृहनिर्माण मंडळ काढलं आणि आज तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी त्या मंडळानं बांधलेल्या घरांत राहतात, बहुतेक स्वतःच्या नावावर घेतलेल्या. धंदा मोकळा आणि घराची जबाबदारी सरकारवर. आपण उलटं केलं. धंदा चाळीस वर्षं बांधून ठेवला आणि घर माणसाच्या नशिबावर सोडलं.

सेन यांनी १९९९ च्या पुस्तकात म्हटलंय की स्वातंत्र्य हे विकासाचं साधन आहेच, पण ते विकासाचा भागही आहे. मी त्याला कळव्याची पुस्ती जोडतो. एखाद्या दरवाजाचं स्वातंत्र्य दुसऱ्या दरवाजानं खाल्लं जातं. धंद्याची मोकळीक मिळून पगार वाढला, पण जागा अडलेली असेल, तर वाढलेला पगार जागेच्या किमतीत जातो. ज्याच्याकडे आधीच जमीन आहे, तो काही न करता श्रीमंत होतो. बाकीचे आणखी लांब राहायला जातात आणि सकाळी कारशेडमधून निघालेल्या गाडीत चढायची धडपड करतात. राष्ट्राची समृद्धी आणि माणसाचं सुख यांच्यातलं अंतर मोजायचं असेल, तर ते आपल्याकडे फलाटावर मोजता येतं.

प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरं

एक भगिनी: सर, मग तुमचं म्हणणं काय, बांधकामाचे नियमच काढून टाकायचे?

उत्तर: नाही ताई. नियम दोन प्रकारचे असतात. सळई किती जाड हवी, जिना किती रुंद हवा, हा एक प्रकार. तो माणसाचा जीव वाचवतो. तो कडक हवा आणि तो पाळला जातोय का हे बघणारा माणूस विकला न जाणारा हवा. दुसरा प्रकार म्हणजे इथं बांधूच नका, यासाठी दहा टेबलं फिरा. या दुसऱ्या प्रकारानं घराची गरज थांबत नाही, ती फक्त लपते. आणि लपून बांधलेल्या घरात पहिला नियम तपासायला कुणी येतच नाही. शिळफाट्याला नियम कमी पडले नव्हते. नियमांना वळसा घालायची बाजारपेठ तयार झाली होती आणि तिच्यात नियम राखणारेच सामील होते.

एक आजोबा: मी तीस वर्षं कंपनीत काढली. तुमच्या हिशेबात आमचा काळ चांगला की आत्ताचा?

उत्तर: काका, तुमच्या पिढीतल्या ज्याला कायम नोकरी मिळाली, त्याचा काळ चांगलाच होता. पण गेटबाहेर उभे राहिलेले किती होते, तेही आठवा. आत्ता गेट बरंचसं उघडं आहे, आत गेल्यावर मात्र खुर्चीचा भरवसा नाही. मला विचाराल तर तुमच्या काळातला भरवसा आणि आत्ताची मोकळीक एकत्र आणता येते, काही देशांनी आणून दाखवली आहे. आपण सुरुवात घरापासून करू शकतो. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा वर्तमानपत्रात बारीक अक्षरात जाहिरात येते. ती वाचा. आपल्या प्रभागात कामगाराला परवडेल अशा घरांसाठी किती जमीन ठेवली आहे, एवढा एकच प्रश्न लेखी विचारा. शंभर जणांनी विचारला, तर उत्तर द्यावं लागेल.